भेग बुजवण्याआधी खुंट्या ठोका

दादा, घरामागच्या डोंगराला बोटभर भेग पडलीय, पण मोबाईलवर इशारा आलेला नाही, मग थांबू का, असं तुम्ही विचारलंय. वाचून पोटात गोळाच आला. आमची वस्ती कन्नड तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगराखाली. अगदी हेच भोगलंय.

भेग दिसली त्याच दिवशी मी तीत चिकणमाती धुमसून भरली. पाणी आत मुरू नये हा विचार बरोबर होता, पण आधी ना फोटो काढला ना माप घेतलं. नऊ दिवसांनी पाहणीला माणूस आला आणि म्हणाला, "भेग कुठंय?" कागदावर लिहून गेला, 'भेग आढळली नाही'. वर ऐकवलं, गाव दरडप्रवण यादीत नाही आणि महसूल मंडळात दिवसभरात 65 मिलिमीटर पाऊसही नाही. अहो, तो आकडा पिकांच्या नुकसानभरपाईचा! पर्जन्यमापक खाली सपाटीला, त्याची नोंद सकाळी साडेआठला. रात्री डोंगरावर काय कोसळलं ते त्याला काय कळणार? आणि यादीत तर रायगडमधली इर्शाळवाडीही नव्हती. 19 जुलै 2023 च्या रात्री ते गाव दरडीखाली गाडलं गेलं. आमचा गोठा त्याच महिन्यात गेला. कार्यालयाचं नाव घेत नाही, कागद मात्र जपून ठेवलाय.

तुम्ही उघडीप बघून भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, मधलं अंतर टेपनं मोजा, टेप दिसेल असा फोटो काढा. मगच भेग बुजवा आणि वरचं पाणी चर खणून बाजूला काढा. तहसीलला अर्ज द्या, पोच घ्या, भूवैज्ञानिकाची पाहणी मागा. अंगणात सरळ काठाचा डबा ठेवून रोजचा पाऊस पट्टीनं मोजा. माझ्या मते एका दिवसाच्या आकड्यापेक्षा तीन-चार दिवसांची बेरीज बघावी. भिजून जड झालेल्या मुरमाला मग एक सर पुरते.

मी काही शास्त्रज्ञ नाही. पण खुंट्यांतलं अंतर वाढलं, झऱ्याला गढूळ पाणी आलं, झाड कललं किंवा दार चौकटीत अडकायला लागलं, तर कुणाची वाट न बघता अंधाराआधी निघा. 1077 ला, म्हणजे जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला, फोन वाटेत करा.

आणि अशा रात्री जनावरं मोकळी सोडा. आमच्या दोन्ही म्हशी दावणीलाच होत्या.