गेट, ग्रिल आणि पडवीपुढच्या शेडसाठी स्वस्तातलं वेल्डिंग मशीन कोणतं घ्यावं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घर देवगडजवळ, समुद्र हाकेच्या अंतरावर. आगोटीआधी पडवीपुढे पत्र्याची शेड, बेड्याच्या जागी लोखंडी गेट आणि खिडक्यांना ग्रिल घरीच करायचंय. मशीन, तोंडावर धरायची काच, जोडायचे रॉड सगळं धरून बजेट बारा हजार रुपये. दुकानदार साडेपाच हजारांत २५० अँपिअरचं मशीन देतोय.

मशीनच्या मागची, आकडे छापलेली पट्टी वाचल्याशिवाय ते घेऊ नका. मॉडेलच्या नावात २५० असलं म्हणजे मशीन २५० अँपिअर देतं असं नाही. पट्टीवर इनपुटचा जास्तीत जास्त करंट लिहिलेला असतो, तो बघा आणि तिथेच गुणाकार करा. रॉडने जोडताना लागणारं व्होल्टेज म्हणजे २० अधिक करंटचा ०.०४ पट. २५० अँपिअरला ३० व्होल्ट, म्हणजे ७५०० वॅट. पट्टीवर इनपुट १६ अँपिअर असेल तर २३० गुणिले १६, फार तर ३६८० वॅट आत जातात. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? पट्टीच नसेल तर पुढे बोलायचंही कारण नाही.

तुम्हाला खरं तर इतकं लागतही नाही. गेट-ग्रिलचा चौकोनी पाइप १६ गेजचा, म्हणजे १.६ मिलिमीटर जाडीचा. त्याला २.५ मिलिमीटरचा रॉड (दुकानात १२ नंबर म्हणून मागा) ६० ते ८० अँपिअरवर पुरतो. शेडच्या खांबांच्या ५-६ मिलिमीटर बेस प्लेटला ३.१५ चा, म्हणजे १० नंबरचा रॉड, ११०-१२० अँपिअरवर. तेव्हा सिंगल फेजचं, आयजीबीटी इन्व्हर्टरचं (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणारं हलकं मशीन, घरचा बॅटरीवाला इन्व्हर्टर नव्हे), खरोखर १६० ते २०० अँपिअर देणारं मशीन घ्या. सात-आठ हजारांत मिळतं. जुनं ट्रान्सफॉर्मरचं धूड कोणी स्वस्तात देत असेल तर हात जोडा. ते ओढेल तेवढा करंट वाडीतल्या लाइनीला झेपत नाही आणि तुम्ही रॉड टेकवला की शेजारचे दिवे मिणमिणतात.

ड्युटी सायकल, म्हणजे दहा मिनिटांतला किती वेळ मशीन न तापता चालतं तो आकडा, हीही पट्टीवरच असते. २०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, चार मिनिटं विश्रांती, आणि तेही ४० अंश तापमान धरून. तोच आकडा ३० टक्के असेल तर न थांबता साधारण ११० अँपिअरच मिळतात. दुकानातच परीक्षा घ्या. १२० अँपिअरवर ३.१५ चे पाच रॉड लागोपाठ जाळायला सांगा. तापल्याचा पिवळा दिवा लागून मशीन बंद पडलं तर उत्तर मिळालं. ‘दाखवायला लाइट नाही’ म्हणणाऱ्या दुकानात पैसे देऊ नका. ब्रँडपेक्षा मी हे विचारीन की बोर्ड बिघडला तर दुरुस्ती कुडाळ-रत्नागिरीत होते की मशीन कोल्हापूरला पाठवावं लागतं.

आता घरची लाइट. ८० अँपिअरवर जोडताना मशीन भिंतीतून साधारण १३-१४ अँपिअर ओढतं, १२० वर २१-२२. म्हणजे १६ अँपिअरच्या पॉइंटवर २.५ चा रॉड चालेल, ३.१५ साठी मीटरपासून ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वेगळी लाइन आणि २५ अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (सुरुवातीचा झटका सोसणारा, पण करंट जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच) घाला. व्होल्टेज १८० पर्यंत खाली आलं की इन्व्हर्टर तेवढीच ताकद काढायला जास्त करंट ओढतो आणि रॉड चिकटायला लागतो. म्हणून जोडकाम सकाळी करा, वाडीतले पंप आणि टीव्ही लागण्याआधी. खळ्यापर्यंत ३० मीटरची दीड चौरस मिलिमीटरची वायर ओढलीत तर २.५ च्या रॉडलाच १० व्होल्ट वायरीत जातात. अडीचची घ्या आणि रिळावर गुंडाळलेली ठेवू नका, आतल्या आत तापते.

बॉक्समधल्या केबलवरही भरवसा नको. स्वस्त मशीनबरोबर बहुतेकदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल येते. खाऱ्या हवेत कापलेल्या टोकाशी पांढरी भुकटी धरते, मग रॉड धरायचा होल्डर तापतो आणि दोष मशीनला लागतो. १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणि पितळी अर्थ क्लँप (दुसरी केबल लोखंडाला पकडणारा चिमटा) यांना बजेटमध्ये जागा ठेवा.

गॅसशिवाय चालणारं मिग मशीन (रॉडऐवजी रिळावरची तार आपोआप पुढे सोडणारं) मोह घालेल. किनाऱ्यावर मी ते सुचवणार नाही. फ्लक्स भरलेल्या तारेचं रीळ एकदा उघडलं की दमट हवेत गंजतं, गंजलेली तार ज्या नळीतून पुढे येते त्या लायनरमध्ये अडकते. सिलिंडरवालं मिग घेतलं तर दुपारचा खारा वारा जोड झाकणारा गॅस उडवून नेतो आणि जोडात बुडबुडे राहतात. रॉडला वाऱ्याचा इतका त्रास नाही.

रॉडचं वैर ओलाव्याशी. ६०१३ या प्रकारचे रॉड घ्या, पाकीट फोडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओला रॉड तडतडतो, शिंतोडे उडवतो, जोडावर टाचणीएवढी भोकं पडतात. ओव्हन असेल तर १०० ते ११० अंशांवर तासभर शेकवा. लेप पोपडे धरून सुटत असेल तर फेका. मशीनही पडवीत नको, घरात ठेवा. पंखा बाहेरची हवा बोर्डावर ओढतो, त्यात मीठ आलं आणि ग्राइंडरचा लोखंडी बुकाही. ग्राइंडरचं काम वेल्डिंग मशीनपासून लांब करा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा दहा मिनिटं नुसतं चालू ठेवा. आत शिरलेली पाल बोर्डावर आडवी झाली तर वॉरंटी मिळेलच असं नाही.

पातळ पाइपला भोक पडतं ते करंट जास्त म्हणून, नाहीतर फट मोठी म्हणून. आधी फट मिटवा. होल्डर निगेटिव्हला लावा, ६० अँपिअर, रॉड आणि पाइपमध्ये रॉडच्या जाडीएवढंच अंतर. सलग ओढू नका, टिपक्याशेजारी टिपका द्या, लाली गेली की पुढचा. गेटची चौकट गुण्यात धरून चारही कोपरे फक्त टॅक करा, म्हणजे एकेका टिपक्याने पकडून ठेवा, दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तरच समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने भरा. एक कोपरा पूर्ण भरून पुढे गेलात तर चौकट पिळवटते.

गंजाला भिऊन जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप घ्याल. चालेल, पण जोडाच्या दोन्ही बाजूंना इंचभर जस्त घासून काढा आणि वारं पाठीमागून किंवा बाजूने येईल असे बसा. जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. वर दूध पिण्याचा किंवा गूळ खाण्याचा उपाय सर्रास सांगतात, त्याने धूर काही बाहेर येत नाही.

घामाने भिजलेले हातमोजे घालून रॉड बदलू नका. जोडत नसताना होल्डरवर ६०-७० व्होल्ट उभे असतात. पायाखाली कोरडी फळी घ्या. काच आपोआप काळी होणारी, काळेपणा १० नंबरवर.

जोड झाला की स्लॅग, म्हणजे जोडावरची कडक खपली, ठोकून पूर्ण काढा, त्याच्याखालूनच गंज सुरू होतो. मग गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून त्याच दिवशी प्रायमर मारा. रात्रभर उघडा ठेवलात तर सकाळी केशरी झालेला असेल. पाइपची तोंडं लोखंडी पट्टीने पूर्ण बंद करा. ते जमणार नसेल तर गेटच्या सगळ्यात खालच्या पाइपला खालून ६ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे आत शिरलेलं पावसाचं पाणी तिथून गळून जाईल.