‘इज नोन’च्या पुढे काय लिहावे?

इंग्रजीत ‘इज नोन’नंतर येणारी सगळी शब्दयोगी अव्यये सुरुवातीलाच पाठ करण्याचा आग्रह आपण सोडावा. ‘फॉर’ आणि ‘अ‍ॅज’ ही दोन पक्की झाली, तरी बरेचसे काम भागते. ज्या वस्तूमुळे किंवा गुणामुळे नाव झाले, ती सांगताना ‘फॉर’ येते : ‘बेळगाव इज नोन फॉर कुंदा’, ‘गोकाक इज नोन फॉर इट्स वॉटरफॉल’. मराठीत जिथे आपण ‘म्हणून ओळखले जाते’ असे म्हणतो, तिथे ‘अ‍ॅज’ येते. आपण घरात काहीही म्हणत असलो, तरी २०१४ पासून सरकारी कागदोपत्री बेळगाव शहर ‘नोन अ‍ॅज बेळगावी’ आहे.

खरी चूक ‘बाय’पाशी होते. शाळेत कर्मणी प्रयोग शिकताना ‘बाय’ची इतकी सवय जडते, की ‘ही इज नोन बाय एव्हरीवन’ असे वाक्य सहज लिहिले जाते. मीही ते कित्येक वर्षे लिहीत होतो. ते अगदीच अशुद्ध नव्हे, परंतु ‘तो सगळ्यांना माहीत आहे’ यातील ‘ना’ हा प्रत्यय नीट ऐकावा आणि तिथे ‘टू’ लिहावे. ‘बाय’चे इतर उपयोग तूर्त बाजूला ठेवावेत.