दीड लाखात पाच पेपर

आपलं पत्र वाचलं. मुलगी सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने अमेरिकेत न्यूरोसर्जरीची रेसिडेन्सी, म्हणजे तज्ज्ञ होण्यासाठीचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण, करावी, ही तुमची इच्छा. त्यासाठी एक एजन्सी दीड लाखात, सहा महिन्यांत पाच रिसर्च पेपरांवर तिचं नाव घालून द्यायला तयार आहे. मुलगी नाही म्हणते. ती पीएसएमच्या (सामाजिक आरोग्य विभागाच्या) सरांबरोबर टीबीचे उपचार मधेच सोडणाऱ्या रुग्णांवर काम करते आणि तुमच्या मते त्यात वेळ फुकट जातो. तिला कसं समजवायचं, हा तुमचा प्रश्न.

तिला समजावू नका. तिचा नकार बरोबर आहे.

तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मला खटकली. पहिलं, 'न्यूरोसर्जरी आम्ही ठरवली आहे.' हे 'आम्ही' म्हणजे तुम्ही, तिची आई आणि अमेरिकेतले मामा. दोन पानी पत्रात तिला कोणता वॉर्ड आवडतो, ऑपरेशन थिएटरमध्ये ती रमते की कंटाळते, याबद्दल एक ओळ नाही. अमेरिकेत न्यूरोसर्जरीची रेसिडेन्सी 7 वर्षांची असते. ती वर्षं तिला काढायची आहेत. दुसरं वाक्य, 'ऐकलं नाही तर पुढचा खर्च करणार नाही, असं तिला सांगितलं आहे.' हे मागे घ्या, आजच, आणि तिच्यासमोर घ्या. एकविशीतली मुलगी खोट्या कामाला नाही म्हणते आणि त्याबद्दल घरातून शिक्षेची भीती दाखवली जाते, हे मला फार गंभीर वाटतं. उद्या वॉर्डात कुणी वरिष्ठ खोटी नोंद करायला सांगेल, तेव्हा हाच नकार तिच्या कामी येणार आहे.

आता मामांनी पाठवलेल्या तक्त्याविषयी. 2024 साली न्यूरोसर्जरीत निवडल्या गेलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या नावावर सरासरी 37 च्या वर रिसर्चच्या नोंदी होत्या. आकडा खरा आहे, पण तुम्ही ते 37 पेपर समजलात. त्या आकड्यात छापलेले पेपर, परिषदेतली पोस्टर, भाषणं, अॅबस्ट्रॅक्ट (कामाचे छोटे सारांश) असं सगळं एकत्र मोजलेलं असतं. एकच काम पोस्टर म्हणून, अॅबस्ट्रॅक्ट म्हणून आणि पेपर म्हणून तीनदा येऊ शकतं. शिवाय हे विद्यार्थी तिथल्याच कॉलेजांतले, त्यांच्यातल्या अनेकांनी संशोधनासाठी वेगळं वर्ष दिलेलं असतं. पाच विकतच्या पेपरांनी भारतातली मुलगी त्यांच्या रांगेत जाऊन बसत नाही. त्याच वर्षी परदेशी नागरिक असलेल्या, परदेशात शिकलेल्या अर्जदारांपैकी शंभरात साधारण 58 जणांना जागा मिळाली, आणि त्यातल्या बहुतेकांना इंटर्नल मेडिसिन, फॅमिली मेडिसिन, पीडियाट्रिक्स अशा शाखांत. न्यूरोसर्जरीत अशांची संख्या अगदी थोडी असते.

विकतच्या पेपराचा धोकाही ऐका. अर्जात लिहिलेल्या कुठल्याही कामावर मुलाखतीत प्रश्न येऊ शकतो: या पेपरात तुझा वाटा काय, ही पद्धत का निवडली? पाच पेपरांवर तिला पाचदा खोटं बोलावं लागेल. अर्जातली माहिती खरी असल्याचं तिलाच लिहून द्यावं लागतं, एजन्सीला नाही. आणि असे पेपर मागेही घेतले जातात. हिंदावी या एकाच प्रकाशन संस्थेचे 2023 मध्ये 8000 हून जास्त पेपर मागे घेतले गेले. मागे घेतलेला पेपर पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत तशाच शिक्क्यासह, लेखकांच्या नावांसकट कायम दिसतो.

बाकीचा रस्ता तुम्हाला माहीत आहे: अमेरिकेत डॉक्टरकीच्या परवान्यासाठी यूएसएमएलई ही परीक्षा टप्प्यांत द्यावी लागते. जानेवारी 2022 पासून तिचा पहिला टप्पा, स्टेप 1, फक्त पास-नापास आहे, त्यामुळे पुढच्या टप्प्याचे, स्टेप 2 सीकेचे गुण, तिथल्या हॉस्पिटलमधला प्रत्यक्ष अनुभव आणि तिथल्या डॉक्टरांची शिफारसपत्रं यांना वजन आलं आहे. टीबीच्या एका प्रोजेक्टवर जागा मिळेल असं मी म्हणत नाही. पण तिला मेडिसिन किंवा पुढे संसर्गजन्य आजारांकडे जायचं असेल, तर रुग्ण औषध का सोडतो हे घरोघर जाऊन विचारलेली मुलगी मुलाखतीत अर्धा तास सहज बोलेल. ती इथेच राहिली, तर पीजीचा प्रवेश नीट पीजीसारख्या प्रवेश परीक्षेच्या रँकवर होतो, तिथे पेपर कुणी मोजत नाही. मग दीड लाख नेमके कशासाठी?

यापुढचं पत्र तिने लिहावं. अमेरिकेला जायचंच आहे का आणि कोणत्या शाखेत, हे तिच्याच शब्दांत हवं. तोवर तिने सरांकडून दोन गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात. पेपर झाला तर लेखकांत तिचं नाव कुठे असेल, हे आधीच ठरावं. आणि एथिक्स कमिटीची परवानगी रुग्णांची माहिती गोळा करायला लागण्यापूर्वीची आहे ना, हे तिने कागद पाहून खात्री करावी. तशी नसेल तर चांगलं कामही बरीच जर्नल्स परत पाठवतात.