रजिस्टर मृत्युपत्र असलं तरी मुलीला कोर्टात चॅलेंज करता येतं का? (कोल्हापूर)

ताई, तुम्ही विचारलंय की वडिलांनी जायच्या 2 महिने आधी सगळी जमीन भावाच्या नावानं मृत्युपत्र करून रजिस्टर केली, तुम्हाला तलाठ्याची नोटीस आल्यावरच कळलं, तर आता काही करता येतं का. येतं. पण आमच्या घरात हे 7 वर्षं चाललं म्हणून एक गोष्ट आधी सांगतो, "मला काहीच दिलं नाही, अन्याय झाला" एवढ्यावर मृत्युपत्र पडत नाही. माणूस स्वतःच्या कमाईचं कुणालाही देऊ शकतो, मुलीला वगळलं हे एकटं कारण कोर्टाला पुरत नाही. ते कसं झालं, कुणी केलं, कुणासमोर झालं, यावर केस उभी राहते.

आमची आई माहेरच्या जमिनीसाठी भांडली. आजोबांचं मृत्युपत्र मामानं काढलं, त्यावर अंगठा. आता आजोबा जन्मभर सही करणारे, सेवा सोसायटीत सही, दूध संस्थेत सही, कारखान्याच्या कागदावर सही, आणि नेमका याच कागदावर अंगठा कसा? आई पहिल्या तारखांना कोर्टात नुसती रडायची, मी लहानपणापासून त्यांची सेवा केली म्हणायची, आणि मला आत कालवायचं कारण ते कुठं लिहून घेतच नव्हते. वकिलांनी मग सोसायटीचे जुने कागद काढायला लावले आणि साक्षीदाराचा उलटतपास घेतला. तो सरळ बोलून गेला की मी संध्याकाळी सोप्यात बसून सही केली, म्हातारा आत झोपला होता. तिथंच मृत्युपत्र गेलं. कारण भारतीय वारसा कायदा 1925, कलम 63, कमीत कमी 2 साक्षीदार पाहिजेत, दोघांनी एकाच वेळी हजर असायची गरज नाही, पण प्रत्येकानं करणाऱ्याला सही-अंगठा करताना बघितलेलं पाहिजे नाहीतर त्याच्या तोंडून तसं ऐकलेलं पाहिजे, आणि साक्षीदाराची स्वतःची सही मृत्युपत्र करणाऱ्यासमोरच व्हायला पाहिजे.

आमचं रजिस्टर नव्हतं, तुमचं आहे, त्यामुळं तुम्हाला जड जाणार हे खरं. पण रजिस्टर आहे म्हणजे सिद्ध झालं असं नाही. मृत्युपत्र खरं आहे हे सिद्ध करायचं ओझं भावावर आहे, त्याला साक्षीदार हयात असेल तर निदान एक तरी कोर्टात उभा करावा लागतो. आणि सुप्रीम कोर्टानं 1958 सालीच व्यंकटाचल अय्यंगार विरुद्ध तिम्मजम्मा या केसमध्ये सांगितलंय की संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करणंही त्याचंच काम, विशेषतः ज्याला फायदा झाला त्यानंच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला असेल तर. म्हणजे वकील कुणी आणला, रजिस्टर ऑफिसला गाडीतनं कुणी नेलं, साक्षीदार कुणाचे मित्र, हे सगळं शोधा. वडील तेव्हा दवाखान्यात होते का? केसपेपर मिळवा. नुसतं आजारी होते म्हणून चालत नाही, भान होतं का नव्हतं हे दिसायला पाहिजे. फसवून नाहीतर दबाव टाकून करून घेतलं असेल तर त्याच वारसा कायद्याचं कलम 61 आहे, पण ते तुम्हाला दाखवून द्यावं लागतं.

दुय्यम निबंधकाकडं मृत्यूचा दाखला जोडून अर्ज करा, मृत्युपत्राची नक्कल मिळते. वडील हयात असताना ती दुसऱ्या कुणाला मिळत नाही, आता मिळते.

दुसरी बाजू, जी लई लोक विसरतात. जमीन वडिलोपार्जित आहे का बघा, जुने फेरफार काढा. तसं असेल तर वडील फक्त स्वतःच्या हिश्शाचं मृत्युपत्र करू शकतात, तुमच्या हिश्शाचं नाही. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानंच हिस्सेदार, आणि सुप्रीम कोर्टानं 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा केसमध्ये ते पक्कं केलंय. मृत्युपत्र अगदी खरं ठरलं तरी तो हिस्सा तुमचाच.

नोटीस आलीय ना, मग तिच्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगून येऊ नका. मंडल अधिकाऱ्यापुढं तक्रार नोंद (म्हणजे तुमच्या हरकतीची सुनावणी) चालेल, पण तिथं मृत्युपत्र खरं की खोटं ठरत नाही, सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी आली असंही नाही. त्यासाठी दिवाणी दावाच, वाटप आणि मनाई हुकूम दोन्ही मागा, हुकूम मिळाला तर भावाला मधेच जमीन विकता येणार नाही. आपल्याकडं प्रोबेट (म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडनं खरं म्हणून मंजूर करून घेणं) सक्तीचं नाही त्यामुळं भाऊ कोर्टात कधी जाईल म्हणून वाट बघत बसू नका. अशा दाव्याला 3 वर्षांची मुदत आडवी येऊ शकते.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, कायद्यातच आहे. आणि केस पुढं हायकोर्टात गेली तर आता मुंबई गाठायची गरज नाही, 18 ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालंय. माझ्या आईच्या वेळी हे असतं तर तिच्या कितीतरी फेऱ्या वाचल्या असत्या.

तोपर्यंत भाऊ भाऊबीजेला घरी आला, गोड बोलला, तरी कुठल्याही हक्कसोड पत्रावर, कोऱ्या कागदावर, तलाठ्याकडच्या जबाबावर सही करू नका. आईनं पहिल्याच वर्षी एका जबाबावर सही केली होती आणि ती खोडून काढायलाच आमचं दीड वर्ष गेलं.