तुझ्या लाइनवरचं रिजेक्शन वरच्या मजल्यावर सुरू होतं

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. रोज सकाळी साडेनऊला मीटिंग, आणि काल ठरलेला प्लॅन आज बदललेला. पगार दोन हप्त्यांत. जुने ऑपरेटर सोडून गेले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत. आणि रिजेक्शन, म्हणजे मापात न बसून बाद होणारा माल, वाढलं म्हणून सगळ्यांसमोर उभं केलं ते तुला. शेवटी विचारतोस, ‘मॅडम, माझ्यातच काही कमी आहे का?’ हे उत्तर मुख्यतः त्या एका प्रश्नाला आहे. बाकीचं ओघाने येईल.

तुला माहीत आहे, मी सगळी नोकरी परचेसला, म्हणजे खरेदी विभागात काढली, आधी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत आणि मग अंबडला. कंपनी आजारी पडली की ते सगळ्यात आधी परचेसला कळतं, मालकाच्या बायकोच्याही आधी. माल पुरवणाऱ्या पार्ट्यांचे फोन वाढतात. ‘मॅडम, पेमेंटचं बघा जरा’ असं हसत म्हणणारा माणूस पुढे ‘आधीचं क्लिअर करा’ म्हणायला लागतो, आणि मग ॲडव्हान्स आल्याशिवाय गाडीच सोडत नाही. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवायचं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज, असा कायदा २००६ पासून आहे. पण प्लेटिंगवाला छोटा माणूस तक्रार करत नाही, पुढचं काम जाईल या भीतीने. तो गप्प बसतो, म्हणून त्याचा चेक सगळ्यात शेवटी निघतो. जो दारात येऊन आरडाओरडा करतो त्याचा आधी. पैसे कुणाला द्यायचे हे आवाजावर ठरायला लागलं की तिथलं व्यवस्थापन संपलं असं समज. पुढे नुसती पळापळ असते.

आता तुझ्या सीएनसीपाशी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनपाशी येऊ. इन्सर्ट म्हणजे मशीनमधली बदलायची कापणारी धार; तो विकणारा उधारी बंद करतो. मग बॉक्सने येणारे इन्सर्ट दोन-दोन नग, रोखीने, मिळतील त्या दुकानातून आणि मिळेल त्या ग्रेडचे येतात. महागही पडतात, पण ते कोण बघतो? एका धारेवर जेवढे जॉब (तयार होणारे भाग) काढायचे त्याच्या दीडपट काढले जातात. फिनिश बिघडतं, साइझ सरकते. धार थंड ठेवणारं कूलंट कधीच बदलायला हवं होतं, पण तो ड्रमही ॲडव्हान्सशिवाय येत नाही. मापाच्या गेजचं कॅलिब्रेशन, म्हणजे ते बरोबर मोजतात का याची तपासणी, ‘पुढच्या महिन्यात बघू’. मशीनवर जुन्या हाताच्या जागी ट्रेनी. दुपारी प्लॅन बदलला की सेटिंग मोडा, दुसरं लावा, पहिले दोन-चार जॉब त्यातच गेले. आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये पडद्यावर रिजेक्शनचा आलेख येतो, त्याखाली तुझं नाव. इन्सर्टवाल्याचं थकलेलं बिल त्या आलेखात कुठेही दिसत नाही.

म्हणून एक साधी वही ठेव. रोज पाच मिनिटं. काय मागितलं, काय मिळालं, कोणती ग्रेड, मशीन मटेरियलवाचून किती वेळ उभं राहिलं, प्लॅन किती वाजता आणि कुणी बदलला. ही वही कुणाला पकडायला नाही. महिना भरला की त्यातले आकडे आवाज न चढवता मीटिंगमध्ये मांड, आणि नंतर तेच ईमेलने पाठव. ऐकलं तर कंपनीचं नशीब. नाही ऐकलं तरी तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला तुझ्याच अक्षरात मिळेल. वहीत असेही दिवस निघतील की मटेरियल होतं, इन्सर्ट होते, प्लॅनही बदलला नव्हता, तरी जॉब गेले. ते तुझ्या खात्यावर, ते निमूट घ्यायचे. पण सगळ्या महिन्याचं खापर डोक्यावर घेऊन घरी जायचं नाही.

कंपनीवरही अन्याय नको. ऑर्डर घटणं म्हणजे व्यवस्थापन वाईट असं नव्हे. आपल्याकडचे कितीतरी गाळे दोन-तीन मोठ्या प्लांटांच्या शेड्यूलवर जगतात. २०१९ मध्ये वाहनांची विक्री पडली, मोठ्यांनी ‘नो प्रॉडक्शन डे’ लावले आणि इकडे अंबडपासून सिन्नरपर्यंत मशिनी थंड झाल्या. त्यातून सावरायच्या आत टाळेबंदी, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक निकष. जुन्या डिझेल पार्टवर उभे असलेल्यांचं कामच बदललं. त्या काळात दोन तऱ्हा पाहिल्या. एका मालकाने सगळ्यांना शेडमध्ये बसवून शेड्यूल किती उरलं, बँकेचा हप्ता किती, हे वाचून दाखवलं, पाळ्या कमी केल्या आणि स्वतः पगार घेणं थांबवलं. लोकांनी कुरकुर केली, पण बरेचसे टिकले. दुसरीकडे त्याच महिन्यांत भिंतींवर फाइव्ह-एसचे (कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या पद्धतीचे) नवे फलक लागले, सल्लागार आले, आणि पगार का लांबला हे विचारणारा ‘निगेटिव्ह माणूस’ ठरला. ऑर्डर दोघांकडेही नव्हत्या.

महिनाअखेरीबद्दल तू फक्त एक ओळ लिहिली आहेस, ‘डिस्पॅचसाठी ॲडजस्ट करावं लागतं’. मला सगळ्यात जास्त काळजी त्या ओळीची वाटली. इन्स्पेक्शन रिपोर्टवर मोजलं नाही ते माप लिहू नकोस. साइझ बाहेर असेल तर बाहेरचं माप लिही आणि कस्टमरकडून डेव्हिएशन, म्हणजे त्या मापापुरती सूट, लेखी मागायला सांग. ‘सध्या पाठव, नंतर मॅनेज करू’ असं कुणी म्हणालं तर ‘सर, हे मेलवर टाका’ एवढंच म्हण. बहुतेक वेळा मेल येत नाही आणि माल थांबतो. आला, तर जबाबदारी कुणाची हे कागदावर आलं. उद्या लॉट परत आला की ज्याने तोंडी सांगितलं त्याला काहीच आठवत नसतं, आणि रिपोर्टवर सही तुझी असते.

आता पैशांचं. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा, आणि नोकरी सोडल्यावर थकलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत. प्रत्यक्षात काय चालतं ते तू बघतोच आहेस, पण नियम माहीत असलेल्या माणसाशी एचआर वेगळ्या सुरात बोलतं. पगारापेक्षाही पीएफ बघ. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. स्लिपवर कपात दिसते म्हणजे भरणा झाला असं नाही. यूएएन या पीएफच्या कायम क्रमांकाने पासबुक उघड आणि महिना-महिना ताडून बघ. कामगाराच्या पगारातून कापून न भरणं हा फौजदारी विश्वासघात धरला जातो. तक्रार ऑनलाइन होते, नाहीतर सातपूरचं पीएफ ऑफिस तुझ्या रस्त्यावरच आहे. टीडीएस कापत असतील तर तोही आयकराच्या पोर्टलवर आपल्या नावावर जमा दिसतो का ते बघ.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर तिच्यावर कोणत्या बँकेचा किती बोजा आहे ते दिसतं, आणि थोडी फी भरली की ताळेबंदही. शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा आहे, हे वाचूनही पुष्कळ समजतं. दिवाळखोरीचं प्रकरण एनसीएलटीत, म्हणजे कंपनी न्यायाधिकरणात गेलंच, तर कर्मचाऱ्यानेही आपला दावा ‘फॉर्म डी’मध्ये मुदतीत भरायचा असतो. पुष्कळ लोक नुसती वाट बघत बसतात.

हे सगळं कळल्यावर तुला चेव येईल, म्हणून आधीच सांगते, तुझ्या शिफ्टच्या सुपरवायझरला ‘सोडा ही नोकरी’ असं सांगत फिरू नकोस. तुझी तीन वर्षं, त्याची वीस. बेसिक आणि डीए मिळून शेवटचा पगार २६ हजार असेल तर त्याची ग्रॅच्युइटी तीन लाख होते: दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. मुलीचं लग्न किंवा घराचा हप्ता त्या आकड्यावर टेकलेला असू शकतो. त्याचा निर्णय त्याला घेऊ दे. फार तर त्याचं पासबुक मोबाइलवर उघडून दे.

तुझं म्हणशील तर माझं मत सोडण्याकडे झुकतं, पण रागाच्या भरात नाही. नवीन ऑफर हातात आल्याशिवाय राजीनामा नको, आणि राजीनामा ईमेलनेच. नोटीस पिरियड पूर्ण कर, हॅंडओव्हरवर सही घे, रिलीव्हिंग लेटर मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नकोस. ड्रॉइंग, प्रोग्राम, कस्टमरचे मेल यातलं काहीही पेनड्राइव्हवर घ्यायचं नाही. तुझ्या वहीतल्या तुझ्या नोंदी पुरे. पुढच्या इंटरव्ह्यूत जुन्या साहेबांची निंदा करू नकोस. गरजही नाही. कुणाचे चेक परत येतात हे या एमआयडीसीत परचेसच्या प्रत्येक टेबलाला माहीत असतं, तू फक्त कंपनीचं नाव सांगितलंस की समोरचा समजून जाईल. तू काय शिकलास तेवढं सांग, आणि कमी साधनांत लाइन चालवणं तू खरंच शिकला आहेस.

तोपर्यंत रात्री अकरानंतर तो ऑफिसचा ग्रुप म्यूट कर. रात्री आलेल्या ‘अर्जंट’ मेसेजने दुसऱ्या दिवशीचा माल वाढल्याचं मी तरी पाहिलं नाही.

रविवारी मिसळीला येशील तेव्हा अपॉइंटमेंट लेटर, मागच्या सहा महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि पासबुकाची प्रिंट घेऊन ये. नोटीस पिरियडचं कलम नक्की काय लिहिलंय ते मला बघायचं आहे. काहीजण ‘तीन महिने’ लिहून ठेवतात आणि तेही फक्त कर्मचाऱ्यापुरतं.

तुझी,
मॅडम