मधली खुर्ची

'ताई, मी 37 वर्षांची आहे. आईबाबा एकाच घरात राहतात, पण एकमेकांशी कामापुरतंही धड बोलत नाहीत. बोलतात ते माझ्याशी. दुपारी आईचा फोन, रात्री बाबांचा. "तुझ्या बाबांना सांग", "तुझ्या आईला जरा समजाव". मी शाळेत होते तेव्हापासून हेच चाललंय. समुपदेशकाकडे चला म्हटलं तर आई म्हणते, "त्यांना ने, मला काय झालंय?" बाबा म्हणतात, "घरातलं परक्यापुढे कशाला मांडायचं?" नवरा म्हणतो, तू इथे असतेस कुठे? परवा फोन ठेवला तेव्हा माझ्या आठ वर्षांच्या लेकीने विचारलं, "आज कुणाची पाळी होती, आजीची की आजोबांची?" त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. या दोघांना समुपदेशकाकडे न्यायचं कसं? – मधली'

प्रिय मधली,

तू मला 'ताई' म्हणालीस, म्हणून मीही 'तू'च म्हणते.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू विचारतेस आईबाबांबद्दल, पण झोप उडालीय ती तुझी आणि ओढ बसतेय ती तुझ्या संसाराला. म्हणून जे सांगायचंय ते आधीच सांगून टाकते. पहिली अपॉइंटमेंट तुझ्या नावाची घे. एकटी जा.

तुला वाटेल, भांडण त्यांचं आणि उपचार मला? थांब, जरा समजावून सांगते.

मरे बोवेन नावाचे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ होते. 1950च्या दशकात त्यांनी रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही रुग्णालयाच्या वॉर्डात राहायला बोलावलं आणि ही माणसं एकमेकांशी कशी वागतात ते दिवसच्या दिवस पाहिलं. त्यातून त्यांनी मांडलेली एक कल्पना तुझ्या घराला तंतोतंत लागू पडते: त्रिकोण. दोघांतला ताण सोसेनासा झाला की तिसरं माणूस आत ओढलं जातं आणि ताण तिघांत वाटला जातो. त्या दोघांना तेवढ्यापुरतं हलकं वाटतं. तुझ्याशी बोलून झालं की आईला मोकळं वाटतं, आणि मोकळं वाटलं की बाबांशी बोलायची निकड उरत नाही. रात्री बाबांचंही तेच. दुसऱ्या दिवशी तिढा जागच्या जागी, आणि ओझं तुझ्याकडे.

हे वाचून तुला लागेल, मला कल्पना आहे. तू इतकी वर्षं जीव तोडून ऐकलंस आणि त्या ऐकण्यानेच त्यांचा अबोला टिकून राहिला, हे पचायला जड आहे. पण यात तुझी चूक नाही. आई रडत असताना शाळकरी मुलीने तिचे डोळे पुसले. तिने दुसरं काय करायला हवं होतं?

सॅल्व्हाडोर मिनुचिन हे कुटुंब-उपचारातलं दुसरं मोठं नाव. ते सत्र चालू असताना घरच्यांना जागा बदलायला लावत. मूल आईवडिलांच्या मधे बसलं असेल तर त्याला उठवून बाजूला बसवायचे आणि नवराबायकोला समोरासमोर आणायचे. तुझं पत्र वाचताना मला सारखी ती मधली खुर्ची दिसत होती. तू तीस वर्षं तिच्यावर बसून आहेस. आईबाबांना हात धरून उठवणं तुझ्या हातात नाही. स्वतः उठणं आहे.

एकटीने जाऊन काय होतं? चांगला कुटुंब-समुपदेशक बहुधा आधी तुमच्या घराचा नकाशा काढेल. त्याला जीनोग्राम म्हणतात. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, तीन पिढ्या एका कागदावर, आणि ताणाच्या नात्यावर नागमोडी रेघ. आईच्या आईचं वर्तुळ काढताना कदाचित तुझ्या ध्यानात येईल की लहानपणी आईही कुणाच्या तरी मधे उभी होती. आणि सगळ्यात खाली एक छोटं वर्तुळ असेल, तुझ्या लेकीचं. मला तर वाटतं, तो एक कागद महिनाभराच्या विचारापेक्षा जास्त दाखवतो.

मग तालीम असते, अगदी वाक्यांची. दुपारी फोन आला की "आई, हे तू बाबांनाच सांग. मी निरोप देणार नाही. पण तू कशी आहेस ते मला ऐकायचंय." बाबांनाही हेच, याच सुरात. एकाला सूट दिलीस की दुसऱ्याला तू फितूर झाल्यासारखी वाटशील. कोण बरोबर, कोण चूक, यावर अवाक्षर काढायचं नाही. वाक्य छोटं ठेव आणि आवाज मऊ. स्पष्टीकरण देत बसलीस की पुन्हा त्याच खुर्चीत जाशील.

पहिले काही आठवडे वाईट जातील, हे आत्ताच सांगून ठेवते. आई म्हणेल, "तूही बदललीस." बाबा फोनच करणार नाहीत. कुणाची तरी तब्येत बिघडल्याचं कानावर येईल. खरंच बिघडली असेल तर धावून जा, त्यात प्रश्नच नाही. पण अपराधी वाटलं म्हणून निरोप्याचं काम पुन्हा अंगावर घेऊ नकोस. घरातलं एक माणूस हललं की बाकीचे त्याला जुन्या जागी ओढतात; ते दुष्टपणाने करत नाहीत, घाबरून करतात. बोवेन स्वतः यातून गेले होते. 1967 साली एका परिषदेत त्यांनी रीतसर निबंध बाजूला ठेवला आणि आपल्याच आईवडील-भावंडांच्या त्रिकोणांतून आपण कसे बाहेर पडलो, ते सगळ्यांसमोर सांगितलं. हयात याच विषयात घालवलेल्या माणसालाही मुद्दाम प्रयत्न करावे लागले. तुला जड गेलं तर त्यात नवल नाही.

मात्र एक घोळ करू नकोस. भांडणातून बाहेर पडायचंय, नात्यातून नाही. फोन बंद करणं, जाणं-येणं तोडणं, याने ताण नुसता गोठून राहतो. उलट आधीपेक्षा जास्त भेट, पण एकेकट्याला, आणि विषय तिसऱ्या माणसाचा नको. आईने शेवटचं स्वतःबद्दल, फक्त स्वतःबद्दल, कधी काही सांगितलं होतं? आठवून बघ.

एवढं झाल्यावरही त्यांना न्यावंसं वाटलं तर "तुमचं बिघडलंय" म्हणून नेऊ नकोस. त्यात आरोप ऐकू येतो. "मी जाते आहे, मला मदत हवी आहे, माझ्यासाठी एकदा याल का?" असं विचार. लेकीसाठी आईबाप येतात, स्वतःसाठी येत नाहीत. आले तर पहिलं सत्र झाल्यावर तू बाहेर बस. नाही आले तरी तुझं काम अडत नाही.

एक विचारायलाच हवं, कारण पत्रात त्याचा उल्लेख नाही. बाबा आईवर हात उचलतात का, किंवा दोघांपैकी कुणी कुणाच्या धाकात आहे का? तसं असेल तर दोघांना एकत्र बसवायची घाई मुळीच करू नकोस. खोलीत खरं बोललेल्याची शिक्षा घरी भोगावी लागू शकते. तिथे आधी सुरक्षितता पाहायची आणि प्रत्येकाशी वेगळं बोलायचं.

समुपदेशक निवडताना बिनधास्त प्रश्न विचार. कुटुंबासोबत काम करण्याचं प्रशिक्षण घेतलंय का? कुणी एकट्याने काही सांगितलं तर ते गुप्त राहतं, की सगळ्यांसमोर येतं? उत्तर आधीच स्पष्ट मिळायला हवं. आणि पहिल्याच भेटीत जो ठरवून मोकळा होतो की दोष बाबांचाच, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नकोस. तो त्रिकोणाचा चौकोन करेल.

नवऱ्याला आजच सांग की त्याचं म्हणणं तुला कळलंय. तो तक्रार करतोय खरा, पण मला त्यात तुझी वाट पाहणं ऐकू आलं.

राहिली लेक. तिच्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे उधार आहे. तिला जवळ घेऊन सांग, "आजी-आजोबांचं भांडण त्यांचं ते बघतील. मी उगाच मधे पडत होते, आता पडणार नाही. तू त्याची काळजी करायची नाहीस." आठ वर्षांच्या मुलीला एवढं छान कळतं. मग तिला विचार, आज दिवसभर काय काय झालं. ती सांगत असताना फोन वाजला तर वाजू दे. नंतर करता येतो.

तुझी,
ताई