कुंडीतला वाळा आणि तुमची धडधड

ताई, कुंडीची माती बदलताना जे काळपट, चकचकीत वळवळणारं दिसलं म्हणता, तो बहुतेक वाळा नावाचा छोटासा, बिनविषारी साप. जेमतेम वीतभर, दिसायला गांडुळासारखाच, पण अंगावर वळ्या नाहीत. नीट पाहिलं तर इवलीशी जीभ लपलपताना दिसते. मुंग्या-वाळवीची अंडी खातो बिचारा. मातीसकट सुपलीत घ्या, कोपऱ्यातल्या ओल्या पाचोळ्यात सोडा.

घाबरलात, त्यात लाजायचं काय? पायाशी सळसळ झाली की मीही अजून दचकतोच. फक्त काठी शोधू नका, दोन पावलं मागे सरा. बिनविषारी साप आपापल्या शिकारीमागे असतात: पाठीवर दोन पिवळट पट्टे असलेली नानेटी दिवसा बेडकांमागे फिरते, लांबलचक धामण उंदरांमागे. (धामण गाईचं दूध पिते ही निव्वळ थाप.)

खरी गफलत रात्री होते. बिनविषारी कवड्या सापाचे पांढरे पट्टे मानेकडे ठळक, शेपटीकडे पुसट. जहाल विषारी मण्यारचे नेमके उलट. पण टॉर्चच्या उजेडात हा निवाडा नवख्याने करूच नये. ओळख पटली नाही, तर लांबून नजर ठेवा आणि सर्पमित्राला फोन लावा. आणि हो, अंधारात बागेत जाताना चप्पल नको, बूट घाला.